कॉन्सर्टिना शिकताना: आधी भाता, मग बटणं

कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरून, भाता दाबत-ओढत, दोन्ही टोकांवरच्या बटणांनी वाजवायचं छोटं वाद्य. पेटी वाजवणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी अर्धी ओळखीची वाटते. आत तशाच मोकळ्या रीड्स, हवेवर थरथरणारी तशीच धातूची जीभ, मधे घड्यांचा भाता. फरक कळतो तो पहिला लांब सूर धरल्यावर. पेटीत बाहेरच्या भात्याची हवा आधी आतल्या स्प्रिंगच्या भात्यात साठते आणि मग सुरांकडे जाते, त्यामुळे हाताचा हिसका वाटेतच मवाळ होतो. कॉन्सर्टिनात असा मधला साठा नाही. हात अडखळला की सूर अडखळतो, हात थकला की सूर खचतो. व्हायोलिनला गज जसा, तसा इथे भाता. म्हणून पुढे भात्यावर बरंच लिहिलं आहे. बटणं कुठे आहेत हे तर एका संध्याकाळी पाठ होतं.

तीन वाद्यं, नाव एकच

खरेदीच्या आधी हे पक्कं समजून घ्या: कॉन्सर्टिना या नावाखाली तीन वेगवेगळ्या पद्धतींची वाद्यं येतात आणि एकीवरची बोटं दुसरीवर चालत नाहीत.

इंग्लिश कॉन्सर्टिना चार्ल्स व्हीटस्टन यांची. शाळेच्या भौतिकशास्त्रात भेटणारा व्हीटस्टन ब्रिज ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे. कॉन्सर्टिनाचं त्यांचं पेटंट १८४४ चं. हिच्यात भाता दाबा किंवा ओढा, एका बटणाचा सूर एकच. सप्तक मात्र दोन हातांत वाटलेलं असतं: एक सूर डावीकडे, पुढचा उजवीकडे. नेहमीच्या ट्रेबल वाद्याला ४८ बटणं असतात आणि दाबाची वेगळी, ओढीची वेगळी अशा एकूण ९६ रीड्स.

अँग्लोचं मूळ जर्मनीत. केमनिट्झच्या कार्ल फ्रिडरिख उलिग यांनी १८३४ मध्ये केलेल्या वाद्यावर ती बेतली आहे. पुढे इंग्लंडमधल्या कारागिरांनी तीच मांडणी आपल्या पद्धतीच्या बांधणीत आणली. हिच्यात एकाच बटणावर दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा. बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, फुंकताना आणि ओढताना जसा वेगळा वाजतो, अगदी तसं.

ड्युएट तिसरी. दिशा बदलली तरी सूर बदलत नाही, खालचे सूर डाव्या हाताला, वरचे उजव्या हाताला, त्यामुळे एका हाताने चाल आणि दुसऱ्याने साथ वाजवता येते. मॅकॅन, क्रेन, हेडन अशा तिच्या वेगवेगळ्या मांडण्या आहेत. हेडनमध्ये स्वरपट्टी बदलली तरी बोटांचा आकार बदलत नाही, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला तीच सोपी पडते.

निवड कानाने करा. एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०) किंवा नोएल हिल यांचं आयर्लंडच्या क्लेअर भागातलं वादन ऐकून बोटं शिवशिवत असतील तर अँग्लो. इंग्लंडच्या मॉरिस नाचाची ठसकेबाज, कॉर्डसहित (तीन-चार सूर एकत्र वाजवून) साथ हवी असेल तरी अँग्लोच. हेडिंग्टन क्वारीच्या विल्यम किंबर (१८७२–१९६१) यांची ध्वनिमुद्रणं ऐका. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, वाचता येत असेल, वेगवेगळ्या पट्ट्यांत गाण्यांना साथ करायची असेल, तर इंग्लिश. तिच्यासाठी अ‍ॅलिस्टर अँडरसन ऐका. दोन हातांची पियानोसारखी वाटणी मनात असेल तर ड्युएट. ‘सगळ्यात सोपी कोणती’ हा प्रश्न विचारून घेतलेली कॉन्सर्टिना बहुतेकदा कपाटात जाते.

अँग्लो घ्यायची ठरलीच तर ३० बटणांची, सी/जी पट्टीची (एक रांग सीची, एक जीची) घ्या. २० बटणांच्या वाद्यात फक्त दोन रांगा असतात, कोमल-तीव्र सूर जवळपास नाहीतच, आणि थोडा हात बसला की तीच अडचण होऊन बसते. नवशिक्यांसाठी बनवलेल्या वाद्यांत रोशेल ही ३० बटणांची अँग्लो, जॅकी ही ३० बटणांची इंग्लिश आणि एलीस ही ३४ बटणांची हेडन ड्युएट ठीक चालतात. यांत अकॉर्डियनच्या धर्तीच्या रीड्स असतात. आवाज जुन्या वाद्यापेक्षा थोडा जाड, पण सूर खात्रीचे. जुन्या वाद्यांत व्हीटस्टन, लाशेनाल, जेफ्रीज, क्रॅब या बनवणाऱ्यांची नावं वारंवार भेटतील.

जुनं वाद्य हातात आलं तर

आधी भाता. एकही बटण न दाबता वाद्य उभं धरा, वरचं टोक हातात, खालचं टोक स्वतःच्या वजनाने लोंबू द्या. चांगला भाता इतका सावकाश उघडतो की बघणाऱ्याला कंटाळा यावा. दहा सेकंदांच्या आत तो पूर्ण खाली आला तर हवा गळते आहे. गळती घड्यांच्या कोपऱ्यात असू शकते, गाद्यांखाली (बटण सोडल्यावर हवेचं भोक झाकणाऱ्या) असू शकते, किंवा नुसते टोकांचे स्क्रू ढिले असू शकतात. पहिलं दुरुस्तीला महाग, शेवटचं फुकट. म्हणून कारण कळल्याशिवाय वाद्य नाकारू नका आणि घेऊही नका.

मग प्रत्येक बटण दोन्ही दिशांना वाजवा. ३० बटणांच्या अँग्लोत साठ सूर तपासायचे असतात, तेवढे तपासा. हळू दाबावर सूर लगेच उठतो का, की ‘हं’ करून मागाहून येतो? एका दिशेला चांगला आणि दुसऱ्या दिशेला मेलेला सूर म्हणजे त्या एका रीडचं किंवा तिच्या चामडी पट्टीचं (उलट दिशेची हवा अडवणाऱ्या) दुखणं. दोन्ही दिशांना मुका असेल तर बिघाड बटण, तरफ किंवा गादीत.

फोनवरचा ट्यूनर लावून ए हा सूर पाहा. जुनी वाद्यं बऱ्याचदा आजच्या ४४० हर्ट्झपेक्षा चढ्या पट्टीत लावलेली असतात. एकटं वाजवताना काही बिघडत नाही, पण दुसऱ्या वाद्याबरोबर बसलात की सगळंच बेसूर. पुन्हा ट्यून करून घेणं शक्य असतं, फक्त तो खर्च किमतीत धरा. रीड पितळेच्या आहेत की पोलादाच्या हेही विचारा. पितळेचा आवाज गोड आणि मऊ, पण जोरात वाजवलं तर ती लवकर बेसूर होते आणि तुटतेही; नाचाची साथ करणाऱ्याने पोलादच घ्यावं.

धरणं आणि बसणं

पाठ टेकवायची सोय नसलेली, हात नसलेली खुर्ची. वाद्याचं एक टोक एका मांडीवर टेकवून स्थिर ठेवा. भाता उघडमीट करायचं काम दुसऱ्या हाताचं. दोन्ही टोकं एकदम हलवली की कुठल्या हाताने किती जोर लावला याचा हिशोबच राहत नाही. टेकतं ते लाकडी किंवा धातूचं टोक, भाता नव्हे. घड्या मांडीवर घासत राहिल्या तर कोपऱ्यांचं चामडं झिजतं. पँटची चेन, पट्ट्याचं बक्कल, बांगड्या, घड्याळ यांनी भाता ओरखडतो, तेव्हा आधी ते काढा.

अँग्लोला हाताचे पट्टे असतात. पट्टा इतका आवळा की तळहात लाकडी आडव्या पट्टीवर टेकलेला राहील आणि भाता ओढताना हात मागे सरकणार नाही, पण बोटं वाकवायला जागा असेल. ढिल्या पट्ट्याची खूण ही: दाबताना बटणं नीट सापडतात आणि ओढताना अर्धा सेंटिमीटर लांब गेल्यासारखी वाटतात. इंग्लिशला पट्ट्याऐवजी अंगठ्याचे फास आणि करंगळीसाठी धातूचा आधार असतो; वाद्याचा सगळा भार अंगठ्यांवर टाकलात तर पंधरा मिनिटांत ते दुखतील. मांडीचा आधार इथे चैन नाही, गरज आहे.

मनगट वाकलं की करंगळीचा जोर जातो. ते सरळ ठेवा.

भात्याचे पहिले दहा दिवस

पहिला नियम जीव गेला तरी मोडू नका: सुराचं बटण किंवा हवेचं बटण (सूर न वाजवता हवा आत-बाहेर सोडणारं) न दाबता भाता कधीही जोराने ओढू किंवा दाबू नका. तसं केलं की बंद गाद्यांवर आणि चामडी पट्ट्यांवर सगळा दाब येतो. वाद्य मिटायचं असेल तरी हवेचं बटण दाबूनच.

भाता एक तृतीयांश उघडा. मधलं कुठलंही बटण दाबा आणि दाबत, मनात दहा मोजेपर्यंत एकाच जोराचा सूर काढा. मग तोच प्रकार ओढून. समोर ट्यूनर ठेवा. मोकळी रीड जास्त जोर लावला की किंचित उतरते, त्यामुळे ट्यूनरचा काटा स्थिर राहतोय का यावरून तुमचा हात स्थिर आहे की नाही हे कळतं. कान सुरुवातीला हे चुकवतो.

दुसरं, त्याच दहा मोजण्यात आवाज शून्यापासून वाढवत न्या आणि परत शून्यावर आणा. सूर जिथे अचानक उठतो आणि अचानक बंद पडतो त्या दोन जागा ओळखा. त्याखाली त्या रीडला हवा पुरत नाही. खालच्या जाड रीड्सना उठायला वेळ आणि हवा दोन्ही जास्त लागतं, वरच्या बारीक रीड्स चटकन बोलतात. म्हणून खालच्या सुरासाठी भात्याचा जोर क्षणभर आधी तयार ठेवावा लागतो.

तिसरं, दिशा बदलणं. चार मात्रा दाब, चार मात्रा ओढ. सगळ्यांची एकच चूक होते: बदलताना बटण दाबलेलंच राहतं आणि भाता आधी फिरतो, त्यामुळे मधे एक ‘उंव’ ऐकू येतो. बटण सोडा, भाता फिरवा, बटण दाबा. हे तिन्ही इतकं जवळ आणा की मधली पोकळी ठेक्याचा भाग वाटेल.

आणि हवेचं बटण. अँग्लोत ते उजव्या अंगठ्याखाली असतं आणि त्याच्यावाचून कुठलीही पूर्ण धून वाजत नाही. त्याचा अभ्यास वेगळा करा: एक सूर दाबून धरा, त्याच वेळी हवेचं बटण अगदी थोडं उघडा. भाता झपाट्याने मिटायला लागेल, पण सुराचा जोर बदलता कामा नये. आधी तो बदलेलच, कारण अंगठा एकदम पूर्ण दाबला जातो. बटण पाव उघडायला शिका.

सीची रांग

३० बटणांच्या सी/जी अँग्लोत दोन्ही हातांना तीन-तीन रांगा, प्रत्येक रांगेत पाच बटणं. मनगटाकडची रांग जी, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाचची. मधली सी, पांढरी एकची. बोटांच्या टोकांकडची तिसरी कोमल-तीव्र आणि उलट दिशेच्या सुरांची. बटणं डावीकडे करंगळीपासून तर्जनीकडे १ ते ५ मोजा, उजवीकडे तर्जनीपासून करंगळीकडे १ ते ५. डावी अनामिका ३ वर, मधलं बोट ४ वर, तर्जनी ५ वर. उजवी तर्जनी १ वर.

मधल्या रांगेवर मधल्या सप्तकाचं शुद्ध स्वरांचं सरगम असं:

सा – डावी ३, दाब
रे – डावी ३, ओढ
ग – डावी ४, दाब
म – डावी ४, ओढ
प – डावी ५, दाब
ध – डावी ५, ओढ
नी – उजवी १, ओढ
सां – उजवी १, दाब

दाब-ओढ, दाब-ओढ अशी चाललेली गाडी ध आणि नी या दोघांवर अडखळते: लागोपाठ दोन ओढ. जवळपास प्रत्येक जण इथे सवयीने नी दाबायला जातो आणि सां वाजतो. ‘प ध नी सां’ एवढाच तुकडा रोज तीस वेळा वर, तीस वेळा खाली. वरच्या सप्तकात आणखी एक उलट: उजव्या २ वर रें ओढून आणि गं दाबून येतो, ३ वर मं ओढून, पं दाबून. म्हणजे तिथे प्रत्येक बटणावर ओढ आधी.

गंमत अशी की मनगटाकडच्या रांगेवर डावी ३ पासून हाच नकाशा जसाच्या तसा लागू होतो. फक्त सा आता जी आहे. एका रांगेवर धून बसली की दुसऱ्या रांगेवर ती त्याच दिवशी वाजते.

आता हवेचा हिशोब. हा छोटा तुकडा घ्या:

प प ध प, ग ग रे सा

दिशा लिहून काढा: दाब दाब ओढ दाब, दाब दाब ओढ दाब. आठांपैकी सहा सूर दाबाचे. भाता मिटलेला ठेवून सुरुवात केली तर पहिला सूरच निघत नाही, आणि अर्धा उघडून केली तरी तिसऱ्या आवर्तनात हवा संपते. उपाय दोनच. सुरुवातीला भाता हवेच्या बटणाने अर्ध्याच्या जवळ उघडून ठेवा, आणि ध व रे या ओढीच्या सुरांवर हवेचं बटण थोडं उघडून जास्तीची हवा आत घ्या. कुठलीही नवी धून अशी आधी कागदावर मोजावी. दाबाच्या स्वरांखाली काही नाही, ओढीच्या स्वरांखाली रेघ, आणि जिथे हवा घ्यायची वा सोडायची तिथे गोल. पाच मिनिटांचं हे काम तासाभराची चिडचिड वाचवतं.

साथीचे पहिले दोन कॉर्डही याच रांगेत आहेत. डावी १, २, ३ एकत्र दाबा: सा आणि प, म्हणजे सी कॉर्डचा पाया, त्यात डावी ४ घातली की ग मिळून कॉर्ड पूर्ण. तीच १, २, ३ ओढा: जी, बी, डी, म्हणजे जीचा पूर्ण कॉर्ड. कॉर्ड धरून ठेवू नका, टोचा. धरलेले खालचे तीन सूर हवा तर खातातच, शिवाय वरची धून बुडवतात.

एका दिशेत जास्त सूर

रांगेवर सरळ वाजवलेल्या धुनीत ठसका असतो, पण वेग वाढला की दर सुराला भाता फिरवणं जमत नाही. म्हणून क्लेअरच्या पद्धतीचे वादक रांगा ओलांडतात. गुपित इतकंच की बी, सी, डी, ई हे मधले चार सूर दोन्ही दिशांना मिळतात.

ओढताना: ए मधल्या रांगेच्या डाव्या ५ वर, बी मधल्या उजव्या १ वर, सी जी रांगेच्या डाव्या ४ वर, डी मधल्या उजव्या २ वर, ई जी रांगेच्या डाव्या ५ वर. पाच सूर, एकच ओढ.

दाबताना: जी मधल्या डाव्या ५ वर, बी जी रांगेच्या डाव्या ४ वर, सी मधल्या उजव्या १ वर, डी जी रांगेच्या डाव्या ५ वर, ई मधल्या उजव्या २ वर.

एकदा हे हातात आलं की प्रत्येक ओळीसाठी निवड करावी लागते: कोणते सूर एका श्वासात, दिशा कुठे बदलायची. दिशा बदलली की आपोआप आघात येतो, तेव्हा ती ठेक्याच्या मात्रेवर बदला, मधेच नको. निवड ठरली की लिहून ठेवा आणि बदलू नका. आज एक बोट, उद्या दुसरं असं करणाऱ्याची धून कधीच पक्की होत नाही.

तिसऱ्या रांगेची मांडणी सगळ्या वाद्यांत सारखी नसते. व्हीटस्टन मांडणीत उजव्या हाताला मधला सी शार्प दाबून येतो. जेफ्रीज मांडणीत तो दाबून आणि ओढून दोन्ही मिळतो. डीच्या पट्टीत बरंच वाजवायचं असेल तर हा फरक मोठा आहे. कुणाची बोटं उतरवून घेताना आधी त्यांची मांडणी विचारा.

इंग्लिश घेतली असेल तर

दिशेचा प्रश्न नाही, हातांचा आहे. स्टाफवर रेघेवरचे सूर डाव्या हाताला, रेघांमधल्या जागेतले उजव्याला. त्यामुळे सप्तक चढताना डावा-उजवा-डावा-उजवा असं चालतं आणि वरचा सा खालच्या सा च्या विरुद्ध हातात जातो. दर बाजूला चार रांगा. आतल्या दोन शुद्ध, बाहेरच्या दोन शार्प-फ्लॅट, आणि प्रत्येक शार्प किंवा फ्लॅट आपल्या शुद्ध सुराच्या शेजारी. आतल्या रांगांवर तर्जनी आणि मधलं बोट ठेवा आणि प्रत्येक बोटाला आपली रांग सोडू देऊ नका. अवघड जागा म्हणजे सा ते प अशी उडी: दोन्ही सूर एकाच हाताला, एकाच रांगेत येतात आणि बोट उचलून पुन्हा ठेवावं लागतं. अशा वेळी शेजारचं बोट उसनं घ्या, म्हणजे सूर जोडलेले राहतील. जोडसूर, उदाहरणार्थ सा-ग किंवा रे-म, मात्र एकाच हाताला शेजारी-शेजारी असल्याने पहिल्या आठवड्यातच वाजतात.

इंग्लिशवाल्यांचा नेहमीचा दोष वेगळा: दिशा कधीही बदलता येते म्हणून ते ती कुठेही बदलतात. सगळी धून सपाट होते. गाणारा जिथे श्वास घेईल तिथेच भाता फिरवा.

सराव

रोज वीस मिनिटं. रविवारी तीन तास बसून भरपाई होत नाही, कारण बोटांपेक्षा भात्याच्या हाताला रोजची सवय लागते. पहिली पाच मिनिटं लांब सूर, पुढची दहा एका धुनीचे दोन तुकडे, शेवटची पाच आधी बसलेलं काहीतरी, मजेसाठी.

धून पाठ असलेलीच घ्या, पाच-सहा सुरांत फिरणारी. आधी सरगम म्हणा, मग वाद्यावर शोधा. जे गळ्यातून निघत नाही ते बोटांतूनही निघत नाही. मेट्रोनोम साठवर लावा, तीन वेळा ओळीने बिनचूक आलं की चार-पाचने वाढवा. चूक झाली तर तिच्या एक सूर आधीपासून सुरू करा, ओळीच्या आरंभापासून नव्हे, नाहीतर आरंभ तेवढा सोन्यासारखा बसतो आणि मधला खड्डा तसाच राहतो.

बिघाड ओळखणं

वाद्य न उघडता निम्मे बिघाड ओळखता येतात. बटण सोडूनही सूर चालू राहत असेल तर स्प्रिंग सरकली किंवा तुटली, गादीखाली कचरा अडकला, किंवा दमट हवेत भोक आवळून बटण अडकलं. सूर अचानक एकाच दिशेला मुका झाला तर नव्वद टक्के वेळा रीडच्या फटीत कापसाचा तंतू असतो. खरखर कोरड्या हवेत सुरू झाली तर लाकूड आकसून रीडची चौकट खाचेत ढिली झाली आहे. एका सुराबरोबर शेजारचा सूर बारीक ऐकू येत असेल तर आतल्या कप्प्यांतली भिंत नीट टेकत नाही.

उघडायचंच तर असं:

१. एका टोकाचे स्क्रू, बहुधा सहा, एकेक करून समोरासमोरच्या क्रमाने थोडे-थोडे ढिले करा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं हवं. घसरलं की लाकडावर कायमचा ओरखडा.
२. पुठ्ठ्यावर षटकोन काढून सहा भोकं पाडा आणि प्रत्येक स्क्रू आपल्या जागी खोचा. जुन्या वाद्यांत प्रत्येक स्क्रूला आपलंच भोक असतं.
३. टोक उचला, बटणांची बाजू खाली करू नका. बटणं निसटून पडतील.
४. रीडची तबकडी बाहेर काढा आणि दुखणाऱ्या सुराची रीड शोधा. जुन्या पद्धतीत ती खाचेत सरकवून बसवलेली असते. बोटाने सरळ रेषेत बाहेर सरकवा. तिची चामडी पट्टी वाकवू नका.
५. पातळ, गुळगुळीत कागद जिभेच्या खालून घालून टोकाकडे ओढा. जिभेला खरवडू नका, उचलू नका. केसभर धातू गेला तरी सूर बदलतो.
६. रीड परत खाचेत, बोटाच्या जोराने, हातोडीशिवाय. स्क्रू पुन्हा समोरासमोर, टेकेपर्यंत आणि थोडे अधिक, बस.

अकॉर्डियनच्या रीड्स असलेल्या वाद्यात त्या बहुधा मेणाने किंवा स्क्रूने पक्क्या असतात. तिथे रीड काढायचा प्रयत्न करू नका, कागद जागेवरच फिरवा. आणि आत कुठेही तेल घालू नका. ते गाद्यांच्या चामड्यात आणि लाकडात मुरतं, मग बटणं आणखी अडकतात. ट्यूनिंग, भात्याची ठिगळं, वाकलेली तबकडी ही कामं कारागिराची.

वाद्य ठेवताना भाता मिटलेला आणि वाद्य वाजवताना असतं तसं आडवं, टोकावर उभं नाही. उभं ठेवलं की चामडी पट्ट्या वजनाने लोंबून उघड्या राहतात आणि सूर उशिरा बोलू लागतात. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास असावी. उन्हातल्या गाडीत वाद्य एक दुपारही नको.

इतरांबरोबर

एकट्याने शिकणाऱ्याला आपली चूक ऐकू येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा तरी वादन दुसऱ्या वादकाच्या कानावर घाला. ध्वनिमुद्रण पाठवताना फक्त आवाज नको. चित्रात दोन्ही हात आणि भाता पूर्ण दिसू द्या, म्हणजे चूक बोटाची की दिशेची हे समोरच्याला एका पाहण्यात कळतं. सोबत वाद्याची पद्धत, बटणं, मांडणी आणि धून कोणत्या पट्टीत वाजवली तेही लिहा. ‘जमत नाही’ याऐवजी ‘दुसऱ्या ओळीत तिसऱ्या मात्रेला हवा संपते’ असं लिहिलं की उत्तरही तितकंच नेमकं येतं. इंटरनेटवरून एकत्र वाजवायचं असेल तर आवाज पोचायला वेळ लागतो आणि ठेका जुळत नाही. एकाने वाजवावं, बाकीच्यांनी आपला माईक बंद करून त्याचं ऐकत सोबत वाजवावं.

प्रत्यक्ष बैठकीत बसायला मिळालं तर पहिल्या वेळी धून माहीत असेल तेव्हाच वाजवा, नाहीतर ऐका. कॉन्सर्टिनाचा आवाज दोन्ही टोकांतून बाजूला जातो, त्यामुळे वाजवणाऱ्याला तो असतो त्याहून लहान वाटतो आणि शेजाऱ्याच्या कानात थेट घुसतो. आयर्लंडमध्ये मिलटाउन मॅल्बे इथे १९७३ पासून दर जुलैला विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. तिथे कॉन्सर्टिनाचे वर्ग असतात आणि संध्याकाळी बैठकी. जायचं असेल तर त्याआधी डी आणि जी या दोन पट्ट्यांतल्या दहा-बारा धुनी मध्यम वेगात, हवा न संपता, वाजवता येतील इतकी तयारी करून ठेवा.